शनिवारची दुपार आणि दोराचे दुसरे टोक

बेळगावातल्या टिळकवाडीहून एका शिक्षिकेने लिहिले आहे:

“माझे वय ३७ आहे. खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत मी शिकवते. कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात दोन वेळा कातळ चढले होते; पुढे लग्न, नोकरी आणि मुलगा यांत तो विषय मागे पडला. गेल्या डिसेंबरात मैत्रिणीच्या गटाबरोबर बदामीला गेले आणि दोर बांधून तीन सोपे मार्ग चढले. तिसऱ्या मार्गावर बोटभर रुंदीच्या खोबणीत उजव्या पायाचा अंगठा टिकला, ती जागा अजून डोळ्यांसमोर येते. पण रोजचा प्रवास, सासूबाईंची गुडघेदुखी, मुलाचा अभ्यास यांतून वेळ काढायचा कसा? सासूबाई म्हणतात, ‘ह्या वयात दगडं चढून काय मिळूलंय तुला?’ पतींचा विरोध नाही, मात्र रविवारी मी घरी नसले की संध्याकाळी घरात अबोला असतो. हा नाद सोडून द्यावा, की जवळपास थोडे थोडे करता येईल?”

सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नका. हे सुरुवातीलाच सांगते, कारण बोटभर खोबणीत टिकलेला अंगठा इतक्या महिन्यांनंतरही ज्या बाईला आठवतो, तिने तो विषय कपाटात बंद करून ठेवला तरी तो तिथे स्वस्थ बसणार नाही, असा माझा अनुभव आहे. मीही कॉलेजच्या दिवसांपासून कातळावर जाते, मधली नऊ वर्षे घरच्या व्यापात गेले नव्हते, आणि त्या नऊ वर्षांत घराला माझा काही जास्त उपयोग झाला असे आज वाटत नाही.

तुमच्या पत्रात रविवार आहे, सोमवार ते शुक्रवारचा प्रवास आहे. शनिवारचा मात्र उल्लेखच नाही. आपल्याकडे सरकारी शाळा शनिवारी सकाळची असते. तुम्ही दीडच्या सुमारास घरी पोहोचत असाल, जेवून आवराआवर करत असाल आणि मग उरलेली दुपार आठवड्याच्या साचलेल्या कामांत जात असेल. महिन्यातल्या चारपैकी दोन शनिवारी ही दुपार वेगळी काढा. तीन वाजता निघायचे, साडेतीनला कातळापाशी पोहोचायचे, दोन तास चढायचे, अंधार पडण्याच्या आत सामान आवरायचे आणि सात वाजता घरी परतायचे. रविवार सगळाच्या सगळा घराचा राहू द्या. तुमच्या घरातला अबोला चढण्याबद्दल नसून एकत्र बसून जेवण्याचा आठवड्यातला एकमेव दिवस हातचा गेल्याबद्दल आहे, असे पत्राच्या सुरावरून मला वाटते, आणि ते चुकीचे असले तरी रविवार मोकळा ठेवण्यात तुमचे नुकसान काहीच नाही.

दोनच शनिवार सुचवण्यामागे शरीराचेही कारण आहे. चढायला लागल्यावर दंडाचे आणि पाठीचे स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. बोटांतले कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोरे, मात्र फार सावकाश बळकट होतात, त्यांना महिनेच्या महिने लागतात. त्यामुळे आपल्याला ताकद आली असे वाटू लागते नेमक्या त्याच काळात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, बोटे दुखावतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन चढाईंच्या मध्ये किमान ४८ तास बोटांना विश्रांती द्यावी, असा नियम आम्ही पाळतो. पंधरवड्याने जाणाऱ्या बाईला तो आपोआप पाळला जातो.

आता खरी अडचण. वेळ काढण्यापेक्षा जोडीदार मिळवणे कठीण असते, आणि तुमच्या पत्रात त्याविषयी एकही ओळ नाही. एकटीने कातळावर जायचे नाही, यावर चर्चा नको. पण सोबत कोणीतरी असणे आणि दोर धरणारा जाणकार जोडीदार असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते मला कसे कळले ते सांगते. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी जायला कोणी नव्हते म्हणून मी घरातल्याच एका तरुण नातेवाइकाला बरोबर नेले. दोर कसा धरायचा, ढिला दोर कसा ओढून घ्यायचा, हे त्याला पाचच मिनिटांत समजावले आणि मी चढायला लागले. पंधरा-सोळा फूट वर गेल्यावर मागून एक गुराखी आला, त्याने काहीतरी विचारले आणि हा मुलगा उत्तर द्यायला वळला. त्याच क्षणी माझा पाय सुटला. दोर ताणला गेला खरा, पण सात-आठ फूट खाली आल्यावर, आणि तोवर माझा घोटा एका कपारीवर आदळला होता. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या मुलाचा काही दोष नव्हता, शिकवणे माझे काम होते आणि ते मी उरकले होते. त्याने त्यानंतर कित्येक वर्षे कातळाचे नाव काढले नाही, याचे मला घोट्यापेक्षा जास्त वाईट वाटते.

म्हणून आधी जोडीदार ठरवा, मग वार ठरवा. बदामीला नेणारी मैत्रीण बेळगावातच राहत असेल तर तिच्याशी बोला. नसेल तर शाळेतली एखादी सहकारी, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी एखादी काटक बाई, जिला शनिवारची दुपार मोकळी आहे आणि जी दिलेली वेळ पाळते, अशी शोधा. तिला चढता येत नसले तरी चालेल. दोघींनी मिळून एकदा रीतसर प्राथमिक शिक्षण घ्या. कर्नाटक सरकारच्या क्रीडा खात्याची जनरल थिमय्या राष्ट्रीय साहस अकादमी असे वर्ग घेते; पुणे-कोल्हापूरकडे जाणे सोयीचे असेल तर तिकडच्या गिर्यारोहण संस्था प्रस्तरारोहणाचे वर्ग घेतात, त्यांपैकी अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी संलग्न असलेली संस्था निवडावी. दसऱ्याच्या सुटीत हे बसते. दोघी एकाच वर्गात शिकल्या की हाका एक होतात, गाठी एक होतात, आणि ‘आज कंटाळा आलाय’ म्हणणाऱ्या एकीला दुसरी घराबाहेर काढते. वेळ निघत नाही अशी तक्रार करणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांचा वेळ असाच निघाला: कोणीतरी गेटपाशी गाडी घेऊन वाट पाहत उभे असते, म्हणून.

पहिले वर्षभर फक्त वरून दोर असलेली चढाई करा, जिला सगळे टॉप रोप म्हणतात. दोर माथ्यावरच्या आधारातून खाली येतो, एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्याला, आठाच्या गाठीने बांधलेले असते, दुसरे खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या बिले साधनातून, म्हणजे दोर अडवून धरणाऱ्या साधनातून, जाते, आणि पाय सुटला तर माणूस जेमतेम हात-दोन हात खाली येतो. मुधोळच्या घोरपड्यांची आख्यायिका आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे, घोरपडीला दोर बांधून कडा चढले म्हणून ते आडनाव पडले असे सांगतात. त्या गोष्टीत सगळा भार घोरपडीच्या नखांवर आहे. आपल्या माथ्यावरचा आधार मात्र एकावर कधीच नसावा. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या किमान दोन भक्कम जागी तो बांधलेला असावा, म्हणजे एक निसटली तरी दुसरी धरते. हा आधार लावणे हे काम जाणकाराचे आहे. तुम्ही दोघी ते पुरते शिकून, जाणकाराच्या नजरेखाली अनेकदा करून दाखवेपर्यंत, तुमच्या शनिवारी तिसरे माणूस अनुभवीच असले पाहिजे.

चढण्याआधी दोघींनी एकमेकींची तपासणी करायची: हार्नेसचा पट्टा, गाठ, कॅराबिनरचे (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे) कुलूप, हेल्मेटची वादी. डोळ्यांनी पाहून भागत नाही, हात लावून पाहायचे. शंभराव्या वेळीसुद्धा. अपघात नवख्यांचेच होतात असे नाही. गप्पा मारत गाठ अर्धवट सोडून देणारे सराईतही असतात.

जवळपास जमेल का, असे तुम्ही विचारले आहे; म्हणजे कुठे जायचे, हा प्रश्न येतो. जवळच्या लहान कातळांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण जाणकाराने तपासल्याशिवाय नुसत्या नावावर विसंबून कोणी तिथे जावे असे मला वाटत नाही. पण बेळगावचे भाग्य असे की तीन तऱ्हेचा दगड आपल्या वाटेवर आहे, आणि त्यांचे स्वभाव कळले तर निवड सोपी होते. पश्चिमेला, खानापूर-जांबोटीकडे, माथ्यामाथ्यांवर जांभा आहे. तो सच्छिद्र, खरखरीत आणि कडेला ठिसूळ असतो, हाताची कातडी सोलतो आणि धरलेला तुकडा हातात येण्याची भीती असते. शिकण्यासाठी मी तो निवडणार नाही. चंदगडच्या बाजूला, वैजनाथ आणि महिपाळगडाच्या डोंगरांवर गेले की काळ्या दगडाचा मुलूख सुरू होतो, तो सह्याद्रीचा काळा पाषाण. त्यात चांगल्या भेगा आणि पायऱ्या मिळतात, पण सुट्या दगडांची खात्री करावी लागते. पूर्वेला गोकाक, सौंदत्तीपासून पुढे बदामीपर्यंत वाळूच्या दगडाचा आणि त्याच्या कठीण झालेल्या रूपाचा, क्वार्टझाइटचा, पट्टा आहे. घटप्रभा जिथून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते तो गोकाकचा कडा याच दगडाचा आहे. धबधब्याच्या आसपास चढायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. पण तिथे उभे राहून पलीकडच्या भिंतीतल्या आडव्या थरांकडे जरूर पाहा. बदामीत तुमचा अंगठा ज्या खोबणीत टिकला ती अशाच दोन थरांमधली असणार.

वाळूच्या दगडाची एक गोष्ट लक्षात ठेवा. ओला झाला की तो कमकुवत होतो. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, आणि तशा वेळी चढले तर पकडी तुटतात, आपल्यालाही इजा होते आणि मार्गही कायमचा खराब होतो. पावसानंतर दोन-तीन कोरडे, उन्हाचे दिवस जाऊ द्यावेत. आपल्या बाजूला तर मृगापासून हस्तापर्यंत कातळाचा विचारच नको, शेवाळावर बूट धरत नाही. ते चार महिने घरच्या सरावाचे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. शनिवारी दुपारी जाणार असाल तर पूर्वेकडे तोंड असलेला कातळ निवडा, तो त्या वेळी सावलीत असतो. तापलेल्या दगडावर हाताला घाम सुटतो आणि पकड निसटते. मार्चनंतर दुपार सोडून द्यावी.

काही ठिकाणे साफ टाळा. किल्ल्यांचे तट आणि बुरूज, मग तो येळ्ळूरचा राजहंसगड असो की आणखी कोणता, ही चढायची जागा नव्हे. चिरा हलला तर ती हानी भरून येत नाही. बदामीत चालुक्यांची लेणी आहेत, त्यांपैकी तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८चा लेख आहे, आणि लेण्यांच्या संरक्षित परिसरात चढाई करायची नसते. चढाईचे मार्ग वेगळ्या भिंतींवर आहेत. बंद पडलेल्या दगडखाणी दिसायला फार मोहक असतात, सरळसोट भिंत, खाली गाडी जाते. पण सुरुंगांनी तो दगड आतून खिळखिळा झालेला असतो. खानापूरच्या रानात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली घोषित झालेले, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. आणि जिथे आग्या मोहोळ लटकलेले आहे त्या कातळाच्या जवळपासही थांबू नका. अत्तर लावून जाऊ नका, खाली चूल पेटवू नका, आरडाओरडा करू नका. दोरावर लटकलेल्या माणसाला मधमाश्यांपासून पळता येत नाही. मला या धंद्यात सर्वांत जास्त भीती उंचीची नाही, मोहोळांची वाटते.

कातळ कोणाच्या शेताच्या बांधावर असेल तर मालकाला आधी भेटा, कन्नडमध्ये किंवा मराठीत चार शब्द बोला, पुन्हा येणार आहोत हे सांगा. सीमेपलीकडे, वैजनाथाच्या देवरवाडीकडे जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या बसवर अवलंबून राहू नका. सीमेवर काही तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात हे आपण अनेकदा पाहिले आहे. दुचाकी बरी. कुठे जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे घरी कागदावर लिहून ठेवायचे.

उरलेले दिवस शरीर तयार ठेवायला व्यायामशाळेची गरज नाही. चढाई हातांनी होते हा समज सोडा. भार पायांवर टाकता आला तर हात फक्त तोल सांभाळतात. घराच्या उंबऱ्यावर फक्त पायाचा पुढचा भाग टेकवून उभ्या राहा, टाचा हळूहळू खाली सोडा आणि वर उचला, दिवसातून दोन वेळा १५-१५. ओट्याशी भाकरी भाजताना एका पायावर उभे राहण्याची सवय लावा, आधी जवळ आधाराला हात असू द्या. आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरचा रबर तुमच्या हाताशी रोज असतो: तो पाचही बोटांच्या टोकांभोवती घाला आणि बोटे बाहेर उघडा, मिटा, उघडा. चढाईत बोटे सतत मिटलेली राहतात, त्यामुळे उघडणारे स्नायू दुर्बळ राहून कोपर दुखू लागते. वह्या तपासून झाल्यावर प्रत्येक हाताने २५ वेळा हे केले तर ते टाळायला मदत होते. दाराच्या चौकटीला बोटांनी लोंबकळण्याचे प्रकार मोबाइलवर दिसतील, ते पहिल्या वर्षी अजिबात करू नका.

बायकांना कोणी सांगत नाही असे एक सांगते. अंगठी, बांगड्या आणि पायातली जोडवी घरी काढून ठेवूनच निघायचे. अंगठी भेगेत अडकून पाय सुटला तर बोटाची कातडी आणि मांस सोलवटून निघते, असे अपघात झालेले आहेत. चढाईचे बूट पायाला घट्ट बसतात, त्यात जोडवी असली की दुसरे बोट दिवसभर ठणकते. मंगळसूत्र कॅराबिनरमध्ये किंवा दोरात अडकू शकते. शनिवारी तीन वाजता ते देवघरात ठेवून हळदीकुंकवाला नमस्कार करून मी निघते, आणि आमच्याकडे आता त्याची सर्वांना सवय झाली आहे. केस वेणीत घट्ट बांधून आत खोचावेत.

खर्चाचे थोडक्यात. आधी स्वतःचे हेल्मेट घ्या, मग बूट, मग हार्नेस. दोर गटाचा असू द्या, पण त्याची नोंदवही ठेवणारे माणूस ठरलेले असावे. त्यावर यूआयएए किंवा सीई अशी सुरक्षेच्या मानकाची खूण हवी, आणि तो चढाईचा, म्हणजे ताणला जाणारा दोर हवा; विहिरीचा नाडा किंवा बाजारातली नायलॉनची दोरी कितीही जाड असली तरी झटका सोसण्यासाठी ती बनवलेली नसते. कोणी जुना दोर स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, कारण तो कशाकशातून गेला आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

आता सासूबाई. चित्रदुर्गच्या किल्ल्याच्या भिंतीवर दोराशिवाय सरसर चढणारे ज्योती राज यांची चित्रफीत आपल्याकडे घरोघरी पाहिली जाते, आणि तुम्ही कातळावर जाता म्हटले की सासूबाईंच्या डोळ्यांसमोर बहुधा तेच येते. मग त्यांनी काळजी का करू नये? त्यांना समजावण्यापेक्षा दाखवा. एखाद्या संध्याकाळी सोप्यात हार्नेस आणि दोर काढा. पतींना हार्नेस घालायला लावा, दोर बिले साधनातून ओवा आणि ब्रेकचे टोक, म्हणजे साधनातून बाहेर येणारे मोकळे टोक, सासूबाईंच्या हातात द्या, खुर्चीवर बसूनच. पतींना म्हणावे, ओढा जोर लावून. तुम्ही ब्रेकचा हात खाली कसा न्यायचा एवढे दाखवलेत की थकलेल्या हाताच्या मुठीतही दोर कसा जागच्या जागी थांबतो, ते त्यांना स्वतःच्या तळव्यात कळेल. माझ्या सासूबाईंनी हे करून पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, “आणि तुझा दोर कोण धरतं?” त्या शनिवारपासून माझी जोडीदार आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय कधी निघाली नाही.

मुलाला पहिले सहा महिने बरोबर नेऊ नका, तो कितीही हट्ट करो. मूल पायथ्याशी असले की आईचे अर्धे लक्ष खाली राहते, आणि ज्या जोडीदाराने तुमचा दोर धरला आहे तिचेही लक्ष त्याच्याकडे जाते. शिवाय ही दुपार तुमची आहे. पुढे त्याला आणाल तेव्हा लहान मुलांचा हार्नेस आणि त्याच्या मापाचे हेल्मेट आधी घ्या.

बदामी वर्षातून एक-दोनदाच ठेवा, साधारण दीडशे किलोमीटरचा प्रवास आहे आणि एका दिवसात उरकण्याच्या नादात थकलेल्या हातांनी शेवटचा मार्ग चढला जातो. संक्रांतीच्या सुमारास दोन दिवस मिळाले तर एक मुक्काम करा. तिथला ‘गणेश’ हा देशातल्या अत्यंत अवघड मार्गांपैकी एक, पुण्याचा तुहिन सातारकर तो चढलेला आहे. त्याच गावात तुमच्यासारख्या नवख्यांसाठीही चांगले मार्ग आहेत, हे मला त्या गावाचे फार आवडते. तुमच्या तिसऱ्या मार्गावर परत जा. आता डाव्या पायाचा अंगठा त्या खोबणीत टिकतो का, ते पाहा, आणि मला कळवा. पत्रात जोडीदाराचेही चार शब्द असू द्या.